दुकानाचे शटर: हाताचे, गिअरचे की मोटरचे?

(व्यापार-उद्योग)

दुकान घेताना व्यापारी जागा पाहतो, रस्ता पाहतो, गिऱ्हाईक कोठून येणार याचा अंदाज बांधतो. फर्निचर, रंग, दिवे यांवर घरात चार दिवस चर्चा होते. शटरची गोष्ट निघाली की मात्र "मिस्त्रीला सांगा, बसवून देईल" एवढ्यावर काम भागवले जाते. वास्तविक रोज सकाळी पहिला हात लागतो तो शटरला आणि रात्री शेवटचा हात लागतो तोही शटरलाच. सगळा माल त्याच्या भरवशावर रात्रभर पडून असतो. शटर कोणत्या पद्धतीने उघडते, त्याचे वजन कोण पेलते आणि ते बिघडले तर कोण दुरुस्त करील, या तीन प्रश्नांचा विचार पैसे देण्याआधी झाला पाहिजे.

नंदुरबार जिल्ह्यातील मोलगी या गावाचे उदाहरण समोर ठेवले तर हा विचार सोपा होतो. अक्कलकुवा तालुक्यातील हे सातपुड्याच्या डोंगरातले बाजारगाव. आजूबाजूच्या पाड्यांवरून लोक येथे आठवडे बाजाराला येतात. भगर, आमचूर, मोहफुले असा डोंगराचा माल गावात येतो आणि किराणा, कापड, भांडी, लोखंडी सामान डोंगरात जाते. अक्कलकुव्याहून येणारा रस्ता देवगोई घाटातून चढतो आणि पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की वाहतूक अडते. डोंगरी भागात वादळवाऱ्यात वीज जाणे हेही नवे नाही. शहरातल्या दुकानदाराचे शटर अडकले तर तासाभरात कारागीर येतो. येथे कारागीर घाटाखालून बोलवावा लागला तर बाजाराचा दिवस हातचा गेलाच समजा. शहरातल्या जाहिरातीत जे उत्तम म्हणून दाखवतात ते मोलगीत उत्तम ठरेलच असे नाही, ते याच कारणाने.

शटर चालते कसे?

पूर्वी दुकानांना लाकडी फळ्या असत. एकेक फळी खाचेत सरकवायची, शेवटच्या फळीला आडवा लोखंडी दांडा आणि कुलूप. त्यात बिघडण्यासारखे काही नव्हते, पण दुकान उघडायला वेळ लागे आणि काढलेल्या फळ्या ठेवायला जागा लागे. पत्र्याच्या गुंडाळणाऱ्या शटरने या दोन्ही अडचणी दूर केल्या.

शटरचा पडदा एकमेकींत अडकवलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांचा असतो. दोन्ही बाजूंना गाईड चॅनेल, वर दोन ब्रॅकेटवर बसवलेला आडवा पाईप आणि त्या पाईपवर स्प्रिंगा. शटर खाली असते तेव्हा संपूर्ण पडद्याचे वजन लोंबकळत असते आणि त्याच वेळी स्प्रिंग सर्वांत जास्त पिळलेली असते. शटर वर जाऊ लागले की पडदा पाईपवर गुंडाळला जातो, लोंबणारे वजन कमी होते आणि स्प्रिंगचा पीळही सैल होतो. वजन आणि पीळ यांचा असा तराजू जुळवणे हेच शटर बसवणाऱ्याचे खरे कसब होय.

हा तराजू जुळला आहे की नाही हे मालकालाही पाहता येते. शटर अर्ध्यावर नेऊन हळूच हात सोडावा. ते जागेवर थांबले, किंवा फार तर इंच-दोन इंच सरकले, तर स्प्रिंग बरोबर आहे. धाडकन खाली आले तर पीळ कमी आहे. आपोआप वर पळाले तर पीळ जास्त आहे. असे शटर रात्री कुलूप लावताना पायाने दाबून धरावे लागते. ही परीक्षा घेताना पाय शटरखाली ठेवू नये.

पहिला प्रकार: हाताने ओढायचे स्प्रिंगचे शटर

बाजारपेठेतली बहुतेक दुकाने याच प्रकारची. वर ढकलले की उघडते, आकड्याने खाली ओढले की बंद होते. वीज लागत नाही, गिअर नाही, साखळी नाही. किंमत सर्वांत कमी आणि दुरुस्ती साध्या हत्यारांनी होते.

त्याला मर्यादा आहे ती आकाराची. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामाच्या नियमांत या शटरसाठी बेअरिंग नसल्यास ८ चौरस मीटर आणि बॉल बेअरिंग असल्यास १२ चौरस मीटर अशी मर्यादा दिलेली आहे. आपल्या बोलीत सांगायचे तर अनुक्रमे सुमारे ८६ आणि १२९ चौरस फूट. १० फूट रुंद व ८ फूट उंच दुकान म्हणजे ८० चौरस फूट. ते बिनबेअरिंगच्या मर्यादेत कसेबसे बसते. तरीही बेअरिंग घालून घेणे शहाणपणाचे, कारण दोन बेअरिंगांचा खर्च एकदाच होतो आणि शटर उचलण्याचे श्रम रोज दोनदा पडतात. दुकानावर वयस्क माणूस किंवा घरातील स्त्रिया बसत असतील तर याबाबत काटकसर करूच नये.

याच नियमांत पत्र्याची जाडीही ठरवून दिलेली आहे. रुंदी साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फुटांपर्यंत असेल तर पत्रा ०.९० मिलिमीटरपेक्षा कमी नसावा. त्याहून रुंद शटरला १.२० मिलिमीटर. पट्टी एकसंध असावी, मध्ये जोड देऊन वेल्डिंग केलेली नसावी. गाईड चॅनेलची खोली साडेतीन मीटर रुंदीपर्यंत निदान ६५ मिलिमीटर आणि त्यापुढे ७५ मिलिमीटर. रुंद शटरला गाईड उथळ ठेवले तर जोराच्या वाऱ्यात किंवा बाहेरून दाब दिल्यावर पट्ट्या वाकून गाईडमधून निसटतात. चोराला कुलूप तोडण्याचे कष्टही मग पडत नाहीत.

दुसरा प्रकार: गिअर आणि साखळीचे शटर

गोदामाचा दरवाजा १४ फूट रुंद आणि १२ फूट उंच धरा. हे झाले १६८ चौरस फूट. सव्वा मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा धरला तर सपाट पत्र्याचेच वजन दीडशे किलोच्या जवळ जाते. पट्टीला दिलेल्या वळणांत आणखी पत्रा जातो तो वेगळा. एवढा बोजा केवळ स्प्रिंगच्या आणि माणसाच्या पाठीच्या जोरावर रोज उचलणे बरे नव्हे. येथे गिअरचे शटर लागते.

गिअरचे तत्त्व साधे आहे: जोर कमी लावायचा आणि फेरे जास्त द्यायचे. हाताच्या चाकाचे ४ फेरे झाल्यावर वरच्या पाईपचा १ फेरा होत असेल तर लागणारा जोर साधारण चौथाईवर येतो. घर्षणात थोडा जोर वाया जातो, पण एकटा माणूस मोठे शटर आरामात उघडू शकतो. वर सांगितलेल्या नियमांनुसार हँडलने फिरवायचे शटर २५ चौरस मीटरपर्यंत आणि साखळीचे ३५ चौरस मीटरपर्यंत चालते. दोन्हींना बॉल बेअरिंग आवश्यक मानले आहे.

याची खोड अशी की उघडायला वेळ लागतो. दिवसातून वीस वेळा उघडायच्या दरवाजाला ते कंटाळवाणे होते. भगर किंवा आमचुराच्या गोदामासारखा दरवाजा सकाळी एकदा उघडून संध्याकाळी बंद करायचा असेल तर मात्र याहून भरवशाचा प्रकार नाही. साखळी अर्ध्यावर सोडून देऊ नये, खालच्या हुकात अडकवून ठेवावी. काही कारागीर गिअरच्या शटरलाही स्प्रिंगचा आधार देतात. त्याने साखळीवरचा ताण कमी होतो आणि एखादा दाता तुटला तरी सगळे वजन एकदम खाली येत नाही. मोठ्या शटरला हा आधार मागून घ्यावा.

तिसरा प्रकार: मोटरचे शटर

बटण दाबले की शटर वर. पाहणाऱ्याला थाट वाटतो आणि मोठ्या गोदामाला, वरचेवर गाड्या येणाऱ्या कारखान्याला त्याचा खरा उपयोगही आहे. नियमांत विजेच्या शटरसाठी ५० चौरस मीटरपर्यंतची मर्यादा आहे.

मोटर दोन तऱ्हेने बसवतात. एका तऱ्हेत मोटर बाजूच्या ब्रॅकेटवर असते आणि साखळीने पाईप फिरवते. दुसऱ्या तऱ्हेत मोटर मधोमध पाईपवरच बसते. ही लहान शटरांसाठी, स्प्रिंगच्या जोडीने वापरतात. बाजूची मोटर तपासायला आणि काढायला सोपी. मोटरची ताकद किलोंत सांगितली जाते. पडद्याचे वजन काढून त्याहून बरीच जास्त ताकदीची मोटर घ्यावी. काठावरची मोटर तापते आणि लवकर जळते. घरगुती विजेवर चालणारी मोटर लागोपाठ अनेकदा वरखाली केली तर उष्णतेमुळे ती आपोआप बंद पडते. ती बिघडली असे समजून कारागिराला बोलावू नये. थोडा वेळ थंड होऊ द्यावी.

मोटरच्या शटरमध्ये चार गोष्टी नसतील तर सौदा करू नये. पहिली, वीज गेल्यावर हाताने चालवायची साखळी. दुसरी, शटर वर-खाली योग्य जागी आपोआप थांबवणारा लिमिट स्विच. तिसरी, गिअर किंवा साखळी तुटल्यास पडदा कोसळू न देणारा ब्रेक. चौथी, पक्के अर्थिंग. पावसाळ्यात ओल्या हाताने ओल्या लोखंडाला हात लागतो हे विसरू नये.

मोलगीसारख्या ठिकाणी पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बाजाराच्या दिवशी सकाळी वीज नाही आणि हाताची साखळीही नाही, तर माल आत आणि गिऱ्हाईक बाहेर अशी अवस्था होईल. साखळी असली तरी ती बहुधा दुकानाच्या आतल्या बाजूला लोंबते. दुकानाला आत जायचा दुसरा दरवाजा नसेल तर ती साखळी काही कामाची नाही. एकच तोंड असलेल्या दुकानाला मोटर बसवण्यापूर्वी बाहेरून हाताने उघडण्याची सोय कशी होणार हे कारागिराकडून प्रत्यक्ष करून दाखवून घ्यावे. ती होत नसेल तर दहा फुटी दुकानाला स्प्रिंगचे शटरच बरे.

शटरला पर्यायही आहेत

दरवाजा म्हटले की शटरच हवे असे नाही. सरकणारे घडीचे चॅनेल गेट स्वस्त असते, त्यातून वारा आणि उजेड येतो. दिवसा दुकान सांभाळायला किंवा शटरच्या आत दुसरे संरक्षण म्हणून ते चांगले. मात्र ते पाऊस, धूळ आणि उंदीर अडवत नाही. धान्याच्या दुकानाला एकटे चॅनेल गेट पुरत नाही.

जीप किंवा पिकअप ठेवण्याच्या शेडला दोन पाखांचे लोखंडी फाटक सर्वांत टिकाऊ. त्यात बिघडायला फक्त बिजागऱ्या असतात. त्याला उघडायला पुढे मोकळी जागा लागते. ती नसेल तर रुळावर बाजूला सरकणारे फाटक करावे. रूळ जमिनीत असेल तर पावसाळ्यात चिखल भरतो, म्हणून भार वरच्या रुळावर टांगलेला बरा.

शहरांतील बंगल्यांच्या गॅरेजला हल्ली परदेशी धर्तीचे आडव्या भागांचे दरवाजे बसू लागले आहेत. दरवाजा वर जाऊन छताखाली आडवा होतो. अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी असा वर उचलला जाणारा दरवाजा १९२१ मध्ये आणि तो उघडणारे विजेचे यंत्र १९२६ मध्ये आणले. त्या यंत्रांतही प्रकार आहेत. साखळीचे यंत्र दणकट आणि स्वस्त पण आवाज करणारे, पट्ट्याचे यंत्र शांत पण महाग, आट्यांच्या दांड्याचे यंत्र कमी भागांचे. मात्र या सर्व यंत्रांखाली स्प्रिंग तीच असते. दरवाजाचे वजन स्प्रिंग पेलते, यंत्र केवळ त्याला हलवते. स्प्रिंग थकली आणि यंत्राच्या जोरावर दरवाजा चालवत राहिले की यंत्र जळते. आपल्या स्प्रिंगच्या शटरला मोटर जोडताना नेमकी हीच चूक होते. जड झालेल्या शटरला मोटर हा इलाज नव्हे. आधी स्प्रिंग आणि बेअरिंग पाहावे.

अमेरिकेकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. खाली येणाऱ्या आपोआप दरवाजाखाली मुले सापडण्याचे अपघात झाल्यावर तेथे कायदा झाला. १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती यंत्रांना दरवाजाखाली काही आले की उलट फिरण्याची सोय सक्तीची करण्यात आली. त्यासाठी जमिनीपासून सुमारे ६ इंचांवर दोन्ही बाजूंना प्रकाशाचा डोळा बसवतात. मधला किरण तुटला की दरवाजा वर परततो. आपल्याकडे रिमोटचे शटर घेणाऱ्याने हा डोळा मागून घ्यावा. डोळा नसेल तर रिमोट वापरू नये. शटर समोर दिसत असतानाच बटण दाबावे आणि बटण मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवावे.

कारागीर बांधवांसाठी

आपल्या समाजातील अनेक जण वेल्डिंग आणि फॅब्रिकेशनच्या धंद्यात आहेत. शटर हा त्यातला बारमाही चालणारा भाग. नवे काम नसले तरी दुरुस्ती असतेच. पण या धंद्यात दोन गोष्टी बदनामी आणि नुकसान आणतात.

पहिली, पत्र्याची जाडी. १० बाय ८ च्या शटरला सपाट हिशेबाने २२ गेजचा पत्रा सुमारे ४१ किलो, २० गेजचा ५३ किलो आणि १८ गेजचा ७१ किलो भरतो. गिऱ्हाईक दर ऐकते चौरस फुटाचा. २० गेजचा भाव सांगून २२ गेजची पट्टी बसवली तर दर चौरस फुटाला नफा दिसतो. पण तीन-चार पावसाळ्यांत तळाची पट्टी गंजते, पडदा वाकतो आणि त्या गल्लीतले पुढचे काम दुसऱ्याकडे जाते. मापात कमी देणे हे तराजूतच होते असे नाही, गेजमध्येही होते. म्हणून कोटेशनमध्ये पत्रा मिलिमीटरमध्ये, स्प्रिंगांची संख्या, बेअरिंग आहे की नाही, गाईडची खोली आणि रंगाचे हात हे सर्व लिहून द्यावे. ज्याचा भाव जास्त आहे त्याला भाव जास्त का आहे हे अशा कागदानेच दाखवता येते. गिऱ्हाइकानेही दोन कोटेशनांची तुलना करताना आधी जाडी जुळते का ते पाहावे, मग रक्कम पाहावी.

दुसरी गोष्ट जिवाची. पिळलेल्या स्प्रिंगमध्ये संपूर्ण शटरचे वजन उचलणारी ताकद साठलेली असते. पाईप बांधून न ठेवता बोल्ट सैल केला तर पाईप गरगर फिरतो; हातातला पाना किंवा दांडा मनगट, जबडा, डोळा काहीही फोडू शकतो. स्प्रिंगचे काम शटर पूर्ण वर असताना करावे, कारण तेव्हा पीळ सर्वांत कमी असतो. तरी तो शून्य नसतो. पडदा दोरीने किंवा क्लॅम्पने पक्का बांधावा, पाईप फिरणार नाही असा अडवावा आणि मगच पाना लावावा. शिडीवर एकट्याने चढू नये. नवशिक्या मुलाला हे काम एकट्यावर सोपवू नये. उस्तादाने आधी स्वतः करून दाखवावे, मग हाताखाली करून घ्यावे. एक स्प्रिंग तुटली असेल तर सोबतची स्प्रिंगही तेवढीच थकलेली असते. दोन्ही एकदम बदलाव्यात. एक नवी आणि एक जुनी असली की पडदा तिरका ओढला जातो.

गिऱ्हाईक शटरची उंची वाढवून मागते तेव्हाही सावध असावे. खाली चार पट्ट्या वाढवल्या की वजन वाढते आणि जुना पीळ अपुरा पडतो. पट्ट्यांबरोबर स्प्रिंगचा हिशेब पुन्हा करावा, नाही तर नाव कारागिराचेच खराब होते.

मोटर, लिमिट स्विच आणि वायरिंगचे काम केवळ वेल्डिंग येणाऱ्याने अंदाजाने करू नये. घरातील एखाद्या तरुणाला आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम करू द्यावा. लोखंड आणि वीज ही दोन्ही कामे एकाच दुकानात होऊ लागली की शटर बसवण्यापासून मोटरच्या दुरुस्तीपर्यंतचे काम हातचे जाणार नाही.

देखभाल

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गाईड कोरड्या फडक्याने पुसून त्यात हलके तेल द्यावे. घट्ट ग्रीस गाईडमध्ये भरू नये. त्याला धूळ चिकटते आणि शटर उलट जड होते. ग्रीसची जागा बेअरिंग आणि गिअर. तळाच्या पट्टीवर पाणी साचते, म्हणून उंबरठ्याला बाहेरच्या बाजूने उतार द्यावा आणि तळाची पट्टी दरवर्षी घासून रेड ऑक्साइड व रंग लावावा. धान्याच्या गोदामात तळाला रबराची पट्टी लावली तर ओल कमी येते आणि उंदरालाही वाट राहत नाही. शटर जड वाटू लागले, एका बाजूने घासू लागले किंवा वरून कडकड आवाज येऊ लागला तर ओढाताण करू नये. लहान दुरुस्ती त्याच आठवड्यात करून घ्यावी.

कोणी काय घ्यावे?

– १० फुटांच्या आतले साधे दुकान: बॉल बेअरिंग असलेले स्प्रिंगचे शटर, पत्रा निदान ०.९० मिलिमीटर.
– साडेअकरा फुटांपेक्षा रुंद दुकान: पत्रा १.२० मिलिमीटर, खोल गाईड. क्षेत्रफळ १२९ चौरस फुटांच्या वर गेल्यास गिअर.
– गोदाम: साखळीचे गिअर शटर, स्प्रिंगच्या आधारासह.
– दिवसात अनेकदा उघडणारा मोठा दरवाजा, वीज भरवशाची आणि आत जायचा दुसरा दरवाजा असलेला: मोटर, हाताच्या साखळीसह.
– गाडीची शेड: जागा असल्यास फाटक, नसल्यास शटर.

शटर घेताना एक प्रश्न शेवटी जरूर विचारावा: हे बिघडले तर माझ्या गावात, घाट बंद असताना, ते उघडणार कोण? ज्या प्रकाराला याचे उत्तर गावातच मिळते तोच प्रकार आपल्या दुकानासाठी योग्य समजावा.